चिकटवलेली चौकट

सुरतेच्या जुन्या वस्तीतील एका धार्मिक वास्तूच्या जीर्णोद्धाराचे पत्रक अलीकडे माझ्या हाती आले. वास्तूचे आणि विश्वस्तांचे नाव मी येथे देत नाही. वाद व्यक्तींशी नसून विचाराशी आहे, आणि तो विचार आज एखाद्या मंडळापुरता मर्यादित राहिलेला नाही. पत्रकात देणगीचे आवाहन आहे, कामांची यादी आहे, आणि त्या यादीत असे म्हटले आहे की सभागृहातील जुन्या लाकडी खिडक्या चौकटींसह काढून टाकाव्यात, त्यांच्या जागी ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवाव्यात, आणि आतील बाजूस ‘सागवानी देखाव्याची’ पट्टी लावून शोभा साधावी.

वाचकांनी या कलमावर क्षणभर थांबावे. जे सागवान भिंतीत उभे आहे ते उपटून भंगारवाल्याच्या गाडीत घालावयाचे, आणि त्याच भिंतीवर सागवानाचे चित्र छापलेली पट्टी डिंकाने चिकटवावयाची! मूर्ती विसर्जित करून तिच्या छायाचित्राची पूजा मांडण्यासारखाच हा प्रकार आहे. आणि याला जीर्णोद्धार म्हणावयाचे. ‘उद्धार’ या शब्दाचा अर्थ वर काढणे असा आहे, बाहेर काढणे असा नव्हे, एवढे तरी आपण विसरू नये.

या पत्रकाचे समर्थन करणारे चार शब्द सर्वत्र ऐकू येतात : नवे स्वस्त आहे, टिकाऊ आहे, निर्धोक आहे आणि देखणे आहे. या चारही शब्दांची तपासणी करावयाची आहे. परंतु तत्पूर्वी खिडकीभोवतीची ही लाकडी पट्टी मुळात कशासाठी असते, हे पाहणे अवश्य आहे. कारण जी वस्तू निव्वळ शोभेची आहे असे आपण समजतो ती टाकून देताना आपला हात थरथरत नाही.

भिंत आणि लाकूड यांचे स्वभाव भिन्न आहेत. विटांची भिंत एकदा सुकली की जवळजवळ स्थिर असते. लाकूड मात्र झाड तोडल्यानंतर शंभर वर्षांनीही पावसाळ्यात फुगते आणि हिवाळ्यात आक्रसते. म्हणून चौकट आणि भिंत यांच्यामध्ये जाणता सुतार फट ठेवतोच. ती न ठेवली तर चौकट एक दिवस गिलावा फोडते. ही फट झाकणे, तिच्यातून वारा, धूळ आणि पावसाचे तुषार आत येऊ न देणे, गिलाव्याची कच्ची कड सांभाळणे, आणि तरीही लाकडाला हलण्याची मुभा ठेवणे, एवढी कामे ती पट्टी करते. शोभा ही त्या कामाची पावती आहे. काम नसेल तर पावती खोटी ठरते.

सुरतेच्या सुताराला चौकटीचे नाव विचारा. तो ‘बारसाख’ म्हणेल. हा गुजराती शब्द म्हणजे आपल्या शिल्पशास्त्रांतील ‘द्वारशाखा’च होय. सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त देवालयाच्या द्वाराचे वर्णन करताना तीन, पाच, सात वा नऊ शाखांचे द्वार प्रशस्त मानले आहे. द्वाराची उंची रुंदीच्या दुप्पट असावी, शाखांची रुंदी त्या उंचीशी प्रमाणात असावी, खालच्या भागात प्रतीहार असावेत, वर मंगल पक्षी, स्वस्तिक, पूर्णकुंभ, पानवेली असाव्यात, असा सारा तपशील तेथे आहे. खालच्या आडव्या भागास तो ‘उदुंबर’ म्हणतो. आपल्या घरातील उंबरठा याच कुळातला. म्हणजे आज बाजारात ज्या पट्टीचे मोल फुटावर ठरते तिचे शास्त्र आपल्याकडे दीड हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलेले आहे. आणि त्या शास्त्राने प्रथम प्रमाण सांगितले, मग अलंकार सांगितला. मंदिराच्या दारावरील गणेशपट्टीला हात जोडणाऱ्यांना हे वेगळे सांगावयास नको.

गोव्याकडील आपली कोंकणी मंडळी खिडकीस ‘जनेल’ म्हणतात. शब्द पोर्तुगिजांकडून आला, पण जनेलाभोवतीचे काम आपल्याच चारी मंडळींच्या हातचे आहे. शिंपांची पातळ, चौकोनी तावदाने लाकडी चौकड्यांत बसवून त्यांनी उन्हाला चांदण्यासारखे मऊ करून घरात घेतले. कोकणात फणस, किंजळ, ऐन, शिवण ही लाकडे कामास आली. सुरतेत साग आला. प्रदेश बदलला की झाड बदलते, भाषा बदलते, परंतु भिंत आणि उघडीप यांच्यामध्ये एक मर्यादा आखावी लागते हा विचार बदलत नाही.

आता सुरतेकडे वळू. या शहराचा आणि सागवानाचा संबंध केवळ घरांपुरता नाही. १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईस गेले, ते जहाजे बांधण्यासाठी. त्यांच्या घराण्याने पुढे मुंबईच्या गोदीत जी सागवानी जहाजे बांधली त्यांपैकी १८१७ साली पाण्यात उतरलेले ‘ट्रिंकोमाली’ आज दोनशे वर्षांनंतरही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे. सागाच्या टिकाऊपणाबद्दल ज्यांस प्रमाण हवे असेल त्यांनी ते प्रमाण समुद्रावर पाहावे. खाऱ्या पाण्यात दोन शतके जे टिकले ते छताखालच्या भिंतीत टिकणार नाही, असे म्हणणाऱ्याने काही पुरावा द्यावयास नको काय?

सुरतेच्या पाठीशी डांगचे अरण्य होते. १८४२ साली इंग्रजांनी तेथील भिल्ल राजांकडून ते लाकडासाठी भाडेपट्ट्याने घेतले. त्या राजांच्या वंशजांना आजही दरवर्षी होळीच्या सुमारास आहव्याच्या डांग दरबारात सालियाना दिला जातो. बिलीमोऱ्याहून वघईकडे जाणारी अरुंद रुळांची गाडी गायकवाडी राज्यात सुरू झाली तीही मुख्यतः डांगचे लाकूड वाहण्यासाठीच. १९६० साली द्विभाषिक राज्याची वाटणी झाली तेव्हा डांग कोणाचा यावर मराठी आणि गुजराती मंडळी हिरिरीने भांडली. डांग गुजरातेत गेला. त्या भांडणात आपण भाषेचा दाखला दिला, लोकांच्या बोलीचा दिला. त्या अरण्याचे लाकूड ज्या चौकटींत बसले आहे त्या चौकटी मात्र आपण आज वजनावर विकतो, आणि त्याबद्दल कोणी भांडत नाही.

गोपीपुरा, नानपुरा, शाहपोर, रांदेर या भागांतून अजूनही जुनी घरे उभी आहेत. शाहपोर येथील चिंतामणी पार्श्वनाथाच्या जैन मंदिरातील लाकडी कोरीव काम आणि रंगविलेल्या फळ्या पाहिल्यावर त्या काळचा सुतार आणि चितारी यांच्यात स्पर्धा होती की सख्य, असा प्रश्न पडतो. लाकडाच्या लहान लहान तुकड्यांची भूमितीची नक्षी जमविणारी ‘साडेली’ ही कलाही सुरतेचीच. ती जाणणारे हात आता मोजके उरले आहेत. मराठी माणसाने बांधलेले काम पाहावयाचे असेल तर वडोदऱ्याच्या रावपुऱ्यात बडोद्याचे दिवाण भाऊ तांबेकर यांचा वाडा आहे. लाकडी बांधणी, रंगविलेल्या भिंती, आणि चौकटींची अशी जुळणी की भिंतीवरील चित्र कोठे संपते आणि लाकूड कोठे सुरू होते हे बोट लावल्याशिवाय उमगू नये.

आणि ज्यांना आपण भंगार म्हणतो त्याचे जगाने काय केले? लॉकवुड डी फॉरेस्ट या अमेरिकन गृहस्थाने १८८१ साली मगनभाई हठीसिंग यांच्या सहकार्याने अहमदाबादेत लाकडी कोरीव कामाचा कारखाना काढला. न्यूयॉर्कमध्ये १८८७ साली त्याने स्वतःसाठी घर बांधले, त्याच्या दर्शनी भिंतीवर अहमदाबादेत कोरलेला सागवानी झरोका बसविला. तो झरोका तेथील बर्फात आणि धुक्यात अजून जागेवर आहे. पाटण येथील एका जैन मंदिराचा सोळाव्या शतकातील लाकडी मंडप १९१६ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयास भेटीदाखल मिळाला. आज लोक तिकीट काढून त्याखाली उभे राहतात. २०१७ साली अहमदाबादेचे जुने शहर जागतिक वारसा म्हणून मान्य झाले, त्यात तेथील पोळांतल्या लाकडी घरांचा मोठा वाटा होता. परक्याने मोल केल्याखेरीज आपल्या वस्तूचे मोल आपल्याला दिसत नाही, हा आपला जुना रोग आहे. पण परक्याने मोल केल्यानंतरही दिसू नये, याला रोगाच्याही पुढचे काही नाव शोधावे लागेल.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे घेऊ. ते पोकळ नाही, म्हणूनच त्याला उत्तर दिले पाहिजे.

पहिला आक्षेप अग्नीचा. सुरतेने आग पाहिली आहे. एप्रिल १८३७ मधील आगीत शहरातील नऊ हजारांवर घरे भस्मसात झाली. पुण्यात १८७९ च्या आगीत विश्रामबागवाड्याचा मोठा भाग जळाला. आपल्या हयातीत, २४ मे २०१९ रोजी, सुरतेच्या सरथाणा भागात शिकवणीस आलेली बावीस मुले आगीत गेली. तेथील लाकडी जिना जळाल्याने सुटकेची वाट बंद झाली. हे कोणीही हलक्याने घेऊ नये. सुटकेचा जिना लाकडाचा नसावाच. त्याविषयी माझा विरोधकांशी मतभेद नाही. परंतु खिडकीच्या चौकटीचा न्याय निराळा आहे. जाड लाकूड एकदम पेटत नाही. त्याच्या पृष्ठभागावर कोळशाचा थर धरतो आणि तोच थर आतल्या लाकडाचे रक्षण करतो. मिनिटाला साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर या गतीने ते जळत जाते. याउलट ज्या पी.व्ही.सी.च्या पट्ट्या आज ‘निर्धोक’ म्हणून विकल्या जातात त्या तापल्या की हायड्रोजन क्लोराइडचा दाहक वायू सोडतात, आणि आगीत माणसे पुष्कळदा ज्वाळांपूर्वी धुरानेच गुदमरतात. आगीची भीती घालून लाकूड काढावयाचे आणि त्याच जागी विषारी धूर ओकणारी वस्तू बसवावयाची, याला सावधगिरी म्हणता येणार नाही. १८७९ नंतर विश्रामबागवाड्याचा जळालेला भाग पुणेकरांनी वर्गणी काढून पुन्हा उभा केला, हेही येथे आठवावे. आगीनंतर त्यांनी वाडा मोडीत काढला नाही.

दुसरा आक्षेप पाण्याचा. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापी शहरात शिरली आणि बहुतेक सुरत जलमय झाली. लाकूड पाण्याने कुजते, म्हणून लाकूड नको, असे या आठवणीवरून सांगितले जाते. येथे एक शब्दच्छल आहे. लाकूड आणि लाकडाचा भुसा या दोन वस्तू एक नव्हेत. दाबलेल्या भुशाची फळी पाण्यात राहिली की पावासारखी फुगते आणि सुकल्यावर पुन्हा मूळ आकाराला येत नाही. अंगचे तेल असलेला साग भिजतो, फुगतो, आणि सावलीत हळूहळू सुकविला तर बहुधा सरळ होतो. सांधे सैल झाले तर ते पुन्हा आवळता येतात. पत्रकातील ‘सागवानी देखावा’ बहुतेक वेळा याच भुशाच्या फळीवर चढविलेला असतो. पुराची भीती असेल तर सर्वांत आधी हद्दपार व्हावयाचे ते हे सोंग.

तिसरा आक्षेप अरण्याचा. हा सर्वांत गंभीर आहे, आणि तो करणाऱ्यांचा मी आदर करतो. साग एका पिढीत मोठा होत नाही; डांगचे अरण्य पूर्वीचे राहिलेले नाही. पण जी चौकट भिंतीत आहे तिच्यासाठी नवे झाड तोडावे लागत नाही. ते झाड आपल्या पणज्याच्या काळी पडले. त्याचे ऋण फेडण्याचा एकच मार्ग आहे, त्याचे लाकूड जितके दिवस टिकेल तितके दिवस वापरणे. वराहमिहिराने अरण्यात जाऊन वृक्ष निवडण्याविषयी स्वतंत्र अध्याय लिहिला आहे. तोडण्यापूर्वी वृक्षाची पूजा करावी, त्यावर राहणाऱ्या भूतांनी अन्यत्र जावे अशी प्रार्थना करावी, असे तो सांगतो. ज्या संस्कृतीने तोडण्यापूर्वी झाडाची क्षमा मागितली तिच्या वारसांनी दीडशे वर्षांची निकोप चौकट फेकून द्यावी, आणि पुन्हा अरण्यरक्षणाचे नाव घ्यावे, हे विसंगत आहे. ॲल्युमिनियम काही आकाशातून पडत नाही. त्यासाठी डोंगर खणावे लागतात आणि विजेच्या प्रचंड राशी खर्चाव्या लागतात.

चौथा आक्षेप खर्चाचा. देणगीच्या पैशाने चालणाऱ्या संस्थांना तो नजरेआड करता येत नाही, आणि करूही नये. परंतु हिशेब पुरा मांडावा. जुनी चौकट फुकट आहे. तिचे पैसे फार पूर्वी दिले गेले आहेत. तिला लागतात ते सुताराचे काही दिवस, बिजागऱ्या, तेल आणि थोडे नवे लाकूड. वरचा काळवंडलेला थर रंध्याने अगदी पातळ काढला तर आतून सोन्यासारखा रंग निघतो. सरकत्या खिडकीची चाके, रबराच्या दोऱ्या, खटके बिघडले की त्या जातीचे सुटे भाग मिळेनासे होतात आणि सारी खिडकीच बदलावी लागते. शिवाय दोन रुळांवर सरकणारी खिडकी कितीही उघडली तरी निम्मीच उघडते. सुरतेच्या मे महिन्यात अर्धी हवा विकत घेण्यासाठी पूर्ण दाम मोजावयाचे, आणि उरलेल्या अर्ध्या हवेसाठी वातानुकूलनाचे यंत्र आणावयाचे! ॲल्युमिनियममधून उष्णता लाकडाच्या हजारपटीहून अधिक वेगाने आत येते. हा खर्च पत्रकातील कोणत्याच रकान्यात दिसत नाही. तो दर महिन्याला विजेच्या देयकात दिसेल, तेव्हा देणगीदार कोणास विचारणार?

एवढ्यावर थांबलो तर लेख एकतर्फी होईल. कारण लाकडाचे शत्रू केवळ ते काढणारे नाहीत. ते वाईट रीतीने बसविणारेही तितकेच आहेत. ‘लाकूड वापरले होते, पण दोन वर्षांत फटी पडल्या’ ही तक्रार सुरतेत अनेक घरी ऐकू येते आणि ती खरी असते. माझ्या परिचयाच्या एका कुटुंबाने नव्या सदनिकेत खिडक्यांभोवती खऱ्या सागाच्या पट्ट्या भर आषाढात बसवून घेतल्या. संक्रांतीपर्यंत प्रत्येक कोपऱ्यात आतल्या बाजूने नखभर फट दिसू लागली. ठेकेदाराने फटीत पुट्टी भरली. पुढच्या पावसाळ्यात लाकूड फुगले आणि पुट्टी बाहेर आली. दोष सागाचा ठरला.

वास्तविक दोष कोणाचा होता? लाकूड आपल्या लांबीत फारसे आक्रसत नाही, रुंदीत आक्रसते. पंचेचाळीस अंशांत कापलेल्या दोन पट्ट्यांचा तिरका सांधा घ्या. पट्टीची रुंदी घटली आणि लांबी तीच राहिली की कापाचा कोन बदलतो, बाहेरचे टोक टेकलेले राहते आणि आतले टोक उघडते. हे भूमितीचे आहे. यात नशिबाचा संबंध नाही. दमट दिवसांत बसविलेली ओली पट्टी कोरड्या दिवसांत आतून उघडणारच. पुरेसे मुरलेले, ओलावा साधारण दहा ते चौदा टक्क्यांवर आलेले लाकूड घ्यावे, ते ज्या खोलीत बसवावयाचे त्याच खोलीत काही दिवस रचून ठेवावे, आणि मगच कापावे, हा नियम प्रत्येक जुन्या सुताराला ठाऊक आहे. ठेकेदाराला तो परवडत नाही, कारण रचून ठेवलेल्या लाकडाचे दिवस त्याला मोजून मिळत नाहीत.

जुन्या बांधणीत तिरक्या सांध्याचा हट्टच नव्हता. वरचे आडवे लाकूड उभ्या लाकडांच्या माथ्यावरून पुढे जाऊन दोन्ही अंगांनी भिंतीत शिरत असे, आणि उभी लाकडे त्यात कुसाने बसत. अशा सांध्यात लाकूड हलले तरी फट डोळ्यांना टोचत नाही. आजच्या पट्टीसाठीही हाच न्याय लागू करता येतो : वरची पट्टी दोन्ही बाजूंस किंचित पुढे काढावी, उभ्या पट्ट्या तिच्याखाली टेकवाव्यात, खाली पाटावर विसावू द्याव्यात. वर भार, खाली आधार. डोळ्याला ते समाधान देते, कारण इमारतीचा न्याय तोच आहे.

आणखी चार गोष्टी सांगून हा तपशील संपवितो. कारण विश्वस्त मंडळींनी ठेकेदारास नेमके हेच प्रश्न विचारावेत अशी माझी इच्छा आहे. पट्टीची कड चौकटीच्या आतल्या कडेशी तंतोतंत मिळवू नये. पाचेक मिलिमीटर मागे ठेवावी. तेवढ्या पायरीत भिंतीचा थोडाफार वाकडेपणा लपतो आणि सावलीची एक सुरेख रेघही मिळते. तंतोतंत मिळविलेल्या कडा पहिल्याच ऋतूत एकमेकींना खोटे पाडतात. दुसरे, पट्टीच्या मागच्या बाजूस मधोमध उथळ खाच असावी, म्हणजे ती दोन्ही कडांवर घट्ट बसते आणि खवदऱ्या गिलाव्यावर डोलत नाही. तिसरे, तेल वा रंग केवळ दर्शनी बाजूस लावून भागत नाही. पाठ आणि विशेषतः कापलेली टोके आधी तेलात न्हाली पाहिजेत, कारण लाकूड सर्वांत जास्त पाणी टोकाने पिते. पाठ कोरडी आणि पोट तेलकट असली की पट्टी धनुष्यासारखी वाकते. चौथे, चौकट ओळंब्यात आणि पाणसळीत आहे की नाही हे पट्टी लावण्यापूर्वी पाहावे. वाकड्या चौकटीवर सरळ पट्टी ठोकणे म्हणजे फाटक्या अंगरख्यावर शेला पांघरणे.

या साऱ्यात महागडे असे काही नाही. लागतो तो वेळ, आणि वेळ देणारा माणूस. आज काम चौरस फुटाच्या दराने दिले जाते. जो सुतार सांधा दोनदा तपासतो त्याची मजुरी निम्मी होते. जो फटीत पुट्टी भरून पुढे सरकतो तो दुप्पट कमावतो. अशा व्यवस्थेत कसब मरते यात नवल नाही. ते इतके दिवस जगले हेच नवल. उधना आणि लिंबायत भागात खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबे राहतात. त्यांतील तरुण मागावर जातात, हिऱ्यांच्या आणि साड्यांच्या बाजारात राबतात. त्यांच्यापैकी दहाजणांना जरी जुन्या सुताराच्या हाताखाली दोन वर्षे बसविले, आणि आपल्या देवळांची, धर्मशाळांची, वाचनालयांची डागडुजी त्यांच्याकडे सोपविली, तरी एक विद्या वाचेल आणि दहा घरे चालतील. देणगीच्या पैशाचा याहून चांगला विनियोग मला सुचत नाही.

देवळांच्या बाबतीत हे अधिकच लागू पडते. गोव्यात म्हार्दोळच्या महालसेच्या देवळातील कोरीव लाकडी काम, बांदोड्याच्या महालक्ष्मीच्या सभामंडपातील विष्णूच्या लाकडी मूर्ती, यांचे दर्शन घेऊन आलेला भक्त आपल्या गावी परततो आणि आपल्याच देवळात लाकूड काढून चकचकीत दगड बसविण्याच्या ठरावावर हात वर करतो. तीर्थाला गेले की कौतुक आणि घरी आले की करवत! ज्या पूर्वजांनी मूर्ती पाठीवर घेऊन नद्या ओलांडल्या, पराया मुलखात नवे गाभारे उभारले, त्यांना लाकूड टिकत नाही हे कळत नव्हते काय? त्यांना ते कळत होते, आणि जे झिजते ते प्रत्येक पिढीने पुन्हा हाताने दुरुस्त करावे लागते हेही कळत होते. देऊळ जिवंत राहते ते याच हातांमुळे. कधी हात लावावाच लागू नये अशी वास्तू मागणे म्हणजे सेवेची सुट्टी मागणे होय.

देखणेपणाचा चौथा शब्द उरला. त्याविषयी वाद घालणे व्यर्थ आहे असे म्हणतात. मला तसे वाटत नाही. एखादी वस्तू जी आहे तीच दिसत असेल तर तिच्या साधेपणातही तेज असते. ॲल्युमिनियमची खिडकी ॲल्युमिनियमसारखी दिसो. कारखान्यात, कचेरीत, जेथे ती योग्य आहे तेथे ती असो. तिच्याशी माझे वैर नाही. लाकूड परवडत नसेल तर गिलाव्याची स्वच्छ, सरळ कड ठेवावी. तीही सुंदर दिसते. माझे भांडण सोंगाशी आहे. छापील रेषांची पट्टी प्रत्येक हातभर अंतरावर तीच गाठ, तीच शीर पुन्हा दाखवते. कोणत्याही झाडाने असे कधी केलेले नाही. देवाच्या सभेत बसून आपण सत्याचा महिमा ऐकणार, आणि नजर वर केली की चारही बाजूंनी असत्य चौकटीत बसवलेले दिसणार, हे आपल्या मुलांना आपण कसे समजावणार?

म्हणून माझी मागणी स्पष्ट आहे. कोणत्याही देवस्थानाने वा संस्थेने जुन्या लाकडी चौकटी काढण्याचा ठराव करण्यापूर्वी दोन जाणत्या सुतारांकडून त्यांची तपासणी करून लेखी मत घ्यावे. वाळवीने पोखरलेला, खरोखर निकामी झालेला भागच बदलावा. बाकीचा जागेवर दुरुस्त करावा. काढावीच लागली तर चौकट मोजून, क्रमांक घालून, छायाचित्रे काढून त्याच वास्तूत ठेवावी. भंगारात देऊ नये. नवे लाकूडकाम चौरस फुटाच्या दराने न देता दिवसाच्या रोजाने द्यावे, आणि ते पावसाळा सरल्यावर करावे. आणि ‘सागवानी देखावा’ हे शब्द देणगीच्या पत्रकातून कायमचे काढून टाकावेत. ज्यास साग लावता येत असेल त्याने साग लावावा. ज्यास येत नसेल त्याने भिंत मोकळी ठेवावी. देवाला दोन्ही चालेल.